कासारणीचा अंगठा

एकदा एका बाजारगावात एक वृद्ध वैद्य राहत असे. त्याच्याजवळ काढे नव्हते, गुटिका नव्हत्या. शरीरावरचे नेमके बिंदू अंगठ्याने दाबून तो लोकांचे दुखणे हलके करी. आज या विद्येला आपण ॲक्युप्रेशर म्हणतो. त्या गावातले लोक एवढेच म्हणत, "जा, बाबांकडून दाबून घे."

त्याच्याजवळ एक तरुण शिष्या शिकत होती. तीन वर्षांत तिने सगळे बिंदू तोंडपाठ केले होते. नखे वाढवायची नाहीत आणि हातात बांगडी घालायची नाही, हे या विद्येचे दोन नियम तिने कधीच मोडले नव्हते. बांगडी रोग्याच्या अंगाला टोचते. त्यामुळे केलेला हा दुसरा नियम पाळणे तिला मुळीच जड गेले नाही. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि त्यानंतर तिला कासारणीपुढे बसवणारे घरात कोणी उरले नव्हते. बायका तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहत, तेव्हा ती म्हणे, "आमच्या कामात चालत नाही." हे उत्तर मिळाल्यापासून तिला बरे वाटत असे.

एके सकाळी गावची कासारीण डोक्यावरची टोपली सांभाळत अंगणात आली. टोपली उतरवतानाही तिने उजवा हात वापरला नाही.

"बाबा, अंगठा वळेनासा झालाय. परवा सुताराकडे लग्न आहे. नवरीचा चुडा भरायचाय, शिवाय साऱ्या वऱ्हाडाच्या बायका. अंगठा नसेल तर कासारणीनं करायचं काय? टोपली घेऊन नुसतं मिरवायचं?"

तिचे म्हणणे खरे होते. काचेची बांगडी ताणली जात नाही. समोरच्या बाईचा हात चोळून सैल करावा लागतो, अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबावा लागतो, तेव्हा कुठे बांगडी मनगटावर उतरते. हे सारे काम कासारणीचा अंगठा करतो.

वृद्धाने शिष्येला खूण केली. शिष्येने तिचा हात घेतला आणि अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातला बिंदू दाबला. मग मनगटाखाली तीन बोटे मोजून तिथला दाबला. अंगठा हलला नाही. तिने अधिक जोर लावला.

"अगं आई गं! बोटं आहेत का सांडशी?"

"सोसा जरा. दुखेल, पण मोकळं होईल."

"सोसायला काय, सोसण्यातच जन्म गेला. पण तो हलला का, ते बघ की."

शिष्येने लाकडी दांडी घेतली आणि तिच्या टोकाने पुन्हा तेच बिंदू दाबले. कासारणीच्या कपाळावर घाम आला. अंगठा मात्र लाकडासारखा ताठच राहिला.

वृद्धाने हात वर करून तिला थांबवले. "कधीपासून झालं हे?"

"वैशाखापासून."

"कोणाच्या बांगड्या भरताना?"

कासारणीने पदराने तोंड पुसले. 

"होती एक नवरी. माझ्या वेणूएवढी. हात हातात घेतला आणि अंगठा जो आखडला, तो आखडलाच." मग ती घाईने बोलू लागली, जणू थांबली तर पुढचे सांगता येणार नाही. "वर्ष झालं बाबा. माझ्या पोरीनं, वेणूनं, न सांगता, न विचारता लग्न केलं. तिचा चुडा परगावच्या कुणा कासारानं भरला. साऱ्या पंचक्रोशीच्या लेकीबाळींचे हात मी भरले आणि माझ्या लेकीचा… मी निरोप धाडला, मला तू मेलीस म्हणून. तिनंही परत तोंड दाखवलं नाही. माझीच ना ती." ती वृद्धाकडे वळली. "असा एखादा बिंदू नाही का, दाबला की तिची आठवणच येऊ नये?"

शिष्येने चमकून गुरूकडे पाहिले. हाच बिंदू शोधत ती तीन वर्षांपूर्वी या अंगणात आली होती. तोंडाने तिने तो कधी मागितला नव्हता, एवढेच.

वृद्ध म्हणाला, "ते मग पाहू. आधी या मुलीच्या हातात बांगड्या भरा."

"गुरुजी, पण आपला नियम…"

"नियम सांगणारा मीच ना? बस तिच्यापुढे."

"अहो बाबा, भरता आल्या असत्या तर मी इथं कशाला आले असते?"

"जमेल तेवढं करा."

कासारीण कुरकुरत बसली. तिने शिष्येचा हात ओढून मांडीवर घेतला, ओंजळभर पाण्याने ओला केला आणि तळव्याने चोळू लागली.

"केवढा ताठ धरतेस गं! सोड सैल. कोण भरतं तुझ्या बांगड्या?"

"कोणी नाही."

"आई?"

शिष्येने नुसती मान हलवली. कासारणीचा हात क्षणभर थबकला. मग तो आधीपेक्षा हळू फिरू लागला, एकेका सांध्यावरून, जणू हरवलेली वस्तू चाचपत असावा. तीन वर्षे या मुलीने गावभरच्या लोकांचे हात दाबले होते. तिचा हात असा कोणी हातात घेतला नव्हता.

"हात माझ्याकडे दे आणि तू बघ तिकडे, चिमण्या बघ," कासारीण सवयीने म्हणाली. लहान मुलींना ती असेच सांगत असे.

शिष्येने अंगणाच्या कुंपणाकडे पाहिले आणि तिचे डोळे भरून आले.

"दुखलं का गं?"

"नाही. आई मांडीवर घेऊन बसायची. तिचा हात गरम असायचा."

"माझी वेणूपण असाच हात आखडायची," कासारीण म्हणाली. "मी खेकसायचे तिच्यावर. कासारणीची पोर आणि बांगडीला घाबरते म्हणून."  डोळ्यांतले पाणी पुसायला हात रिकामा नव्हता, म्हणून तिने ते वाहू दिले. एक बांगडी उतरली, दुसरी उतरली. माप न विचारता, डोळ्यांनी न पाहता तिने डझनभर बांगड्या भरल्या. दोघी रडत होत्या आणि काच किणकिणत होती.

"बाई, अंगठा बघा," वृद्ध हळूच म्हणाला.

कासारणीने अंगठा वळवून पाहिला, पुन्हा वळवला. "अगंबाई! कोणता बिंदू दाबलात बाबा?"

"मी कुठे हात लावला? वर्षभर प्रत्येक मुलीच्या हातात तुम्ही वेणूचा हात शोधत होता, आणि तो सापडेल या भीतीने अंगठा आवळून घेत होता. आज सापडू दिलात."

"मग आता आठवण जाईल?"

"नाही जायची. तसा बिंदू माणसाच्या अंगावर नाही. तरुणपणी मीही पुष्कळ शोधला. आठवणीने अंग आखडत नाही, बाई. तिला आत कोंडून धरायला आपण जो जोर लावतो, त्याने आखडतं. आमच्या विद्येचं काम तेवढा जोर सैल करण्याचं." मग तो शिष्येकडे वळला. "आणि तू मघाशी जोरावर जोर लावलास."

शिष्येने मान खाली घातली. तो बिंदू नाही, हे ऐकून आपल्याला दुःख होईल असे तिला वाटले होते. तसे झाले नाही.

कासारीण टोपली उचलून निघाली. शिष्या तिला वळणापर्यंत पोचवायला गेली. वाटेत कासारीण म्हणाली, "परवाचं लग्न उरकलं की वेणूच्या गावाला जाईन म्हणते. दार उघडेल की नाही, देव जाणे."

"उघडलं तर काय म्हणाल तिला?"

कासारणीने उजव्या हाताने टोपली सावरली.

"काय म्हणायचं? हात पुढं कर म्हणेन."

ती वळणाआड दिसेनाशी झाली. परतताना शिष्या सावकाश चालली आणि कितीतरी वर्षांनी तिने आईचा हात कसा होता, हे मुद्दाम आठवून पाहिले.