घोडीचा रविवार

फ्रान्सात राजा गेला आणि क्रांती आली, त्या काळातली ही गोष्ट. गिरणीवरच्या म्हाताऱ्या घोडीला दर रविवारी सुट्टी असायची. क्रांतीने आठवडाच दहा दिवसांचा केला. "आता सगळे समान," मालक खुशीत म्हणाला, "सुट्टी दहाव्या दिवशी." सातव्या दिवशी घोडी सवयीने थांबली, आणि चाबूक खाऊन पुन्हा चालू लागली.

पुढे सम्राट आला. त्याने रविवार परत दिला, पण त्याच रविवारी त्याच्या शिपायांनी घोडीला तोफेच्या गाड्याला जुंपलं.

शेजारच्या घोड्याला तिने विचारलं, "बाबा, तुमच्याकडे सुट्टी कधी असते?"

"लढाई जिंकली की, आजी."

"मग जिंकत नाही का कधी?"

"दर वेळी जिंकतो," तो म्हणाला आणि मान खाली घालून गाडा ओढू लागला.