संगमरवरावरची बरणी

"तुम्ही नुसतं 'जा' म्हणा, अप्पा. ती तुमचा शब्द मोडायची नाही. म्हणता का?"

शांतमल्ल स्वामी परातीतले तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही म्हणत."

"का पण?"

"मला विचारून तिनं घर सोडलं नव्हतं. माझ्या सांगण्यावरून परत का जाईल?"

चन्नवीर आणखी पुढे सरकून बसला.

सोलापुरात त्याचं फरशीचं मोठं दुकान होतं. दगड त्याच्याइतका कळणारा माणूस त्या भागात नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगायचा. अप्पांचा तो जुना शिष्य. प्रश्न विचारावा आणि उत्तरही आपणच द्यावं, ही त्याची रीत.

त्याची आई गंगव्वा दिवाळी संपली तशी घरातून निघाली आणि थेट सीनेकाठच्या या मठात येऊन राहिली. मठाच्या स्वयंपाकघरात काम करायची, ओसरीवर झोपायची. मुलाचा निरोप आला की पूर्ण ऐकून घ्यायची आणि पुन्हा भाकऱ्या थापायला लागायची. आज तो स्वतःच आला होता.

"झालं काय होतं?" अप्पांनी विचारलं. "तुझ्या तोंडून ऐकू दे."

"लोणचं."

"लोणचं?"

"हॉलभर पांढरा संगमरवर घातलाय, अप्पा. मी स्वतः राजस्थानात जाऊन निवडला. एकेक लादी उन्हात उभी करून बघितली. बोटानं वाजवली. खणखणीत वाजली ती घेतली, बद्द वाजली ती सोडली. वर पाणी ओतून बघितलं, किती पिते. लोक सून आणताना एवढं बघत नाहीत."

"बरं."

"आणि अव्वानं त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवली. पाझरणारी! दिवसभर! लिंबानं दगड खाल्ला. बरणीच्या बुडाएवढं वर्तुळ उमटलं. धुऊन जात नाही, पुसून जात नाही. डाग असता तर काढला असता. पण दगडाची कातडीच गेली."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

अप्पांचा हात तांदळात थांबला.

"म्हणालो... या घरात पुन्हा लोणचं घालायचं नाही. एवढंच."

"एवढंच?"

"आणि हॉलमध्ये बसून काही खायचं नाही. चहा स्वयंपाकघरात घ्यायचा. हाताला हळद-तेल असेल तर हॉलमधून जायचं नाही... मागच्या दारानं ये-जा करायची."

बोलता बोलता त्याचा आवाज चढला.

"चुकलो का? घरात आणलेली वस्तू जपावी, हे तुम्हीच शिकवलंत. मी जपली. त्या दगडाला फिनेल लागू दिलं नाही, ॲसिड लागू दिलं नाही. काही सांडलं तर टिपायचं, घासायचं नाही, हे पोराबाळांना शिकवलं. मी स्वतः गुडघ्यावर बसून पुसतो, अप्पा. माझ्यासारखं कोण करतं, दाखवा मला."

"कुणी करत नाही," अप्पा म्हणाले. "जपणं तुला येतं."

हे कौतुक होतं की टोमणा, ते चन्नवीरला कळेना. त्यानं विषय फिरवला.

"लोक दुकानात येऊन एकच विचारतात. डाग न धरणारा दगड कोणता? मी त्यांना पन्नास नावं सांगतो. तुम्ही काय सांगाल?"

"जो अजून खाणीत आहे तो."

चन्नवीर उठला. इथं काही मिळणार नव्हतं. तो तडक स्वयंपाकघरात गेला.

गंगव्वा चुलीपुढे बसली होती. त्यानं चप्पल काढली, बसला मात्र नाही.

"अव्वा, ऐक. मी तो संगमरवर उखडतो. उद्या माणसं लावतो. त्या जागी शहाबादी घालतो, इथं आहे तशी. करडी, खरखरीत. काही सांडलं तरी दिसायचं नाही. मग येशील?"

"नाही."

"अगं, दगडच काढून टाकतो म्हणतोय मी!"

"उद्या शहाबादीला जपशील."

भाकरी तव्यावर फुगली. तिनं ती उलटली.

"लोक काय म्हणतात ठाऊक आहे?" तो म्हणाला. "चन्नवीरनं आईला घराबाहेर काढलं म्हणतात. मी काढलं का तुला? तुझ्यासाठी त्या घरात काय नाही, सांग."

"आहे की. मागचं दार आहे."

"अव्वा!"

"बघून आलेय मी ते. चांगलं आहे. पण मला नको."

तिचा आवाज चढला नव्हता. त्यामुळे त्याला भांडताही येईना.

पंगत बसली. अप्पांनी चन्नवीरला आपल्या शेजारी बसवलं. तो मान ताठ ठेवून कोरडी भाकरी चावत राहिला.

गंगव्वा आमटीचं पातेलं घेऊन ओळीनं वाढत आली. त्याच्यापुढे थांबली.

"वाढू?"

"नको."

"कोरडंच खातोयस."

"नको."

"घे थोडी. घशाखाली उतरेल."

"नको म्हटलं ना!"

त्यानं हात झटकला. तो पातेल्याला लागला.

पातेलं कलंडलं. उकळती आमटी गंगव्वाच्या मनगटावर आली आणि तिथून फरशीवर पसरली.

"हळद!" चन्नवीर ओरडला. "हळद दगडात जाईल!"

खांद्यावरचं उपरणं ओढून तो गुडघ्यांवर बसलासुद्धा. कडेकडून मध्ये, कोरडी घडी वळवत, टिपत, न घासता... हात सरावाचा होता. फरशी मठाची होती, करडी होती, शंभर जणांच्या पायांनी झिजलेली होती. तरी त्याचा हात थांबेना.

"बघत काय बसलात? कुणीतरी फडकं आणा की!"

कुणी हललं नाही.

त्यानं वर बघितलं.

अप्पा रांजणापाशी होते. एका हातात त्यांनी गंगव्वाचं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं त्यावर तांब्यातलं गार पाणी ओतत होते. मनगट लालभडक झालं होतं.

गंगव्वा हाताकडे बघत नव्हती. ती मुलाकडे बघत होती. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, नवलही नव्हतं. हे तिनं आधी बघितलेलं होतं.

उपरणं धरलेला त्याचा हात जागच्या जागी राहिला.

"अव्वा..."

"पूस, पूस," ती म्हणाली. "राहील डाग."

चन्नवीर सबब शोधत होता. सवय आहे, म्हणावं. लक्ष नव्हतं, म्हणावं.

त्यानं उपरणं तिथंच टाकलं. उठला. अप्पांच्या हातातून तांब्या घेतला आणि तिच्या मनगटावर पाणी धरलं.

गंगव्वानं हात मागे ओढला.

"माझा हात आहे. मी बघते."

"असू दे."

"लादी नाही ती, जपायला."

"असू दे, अव्वा... पाणी ओतू दे."

तिनं हात पुढे केला नाही. मागेही नेला नाही. तो ओतत राहिला.

"भाजलं फार?"

"उकळती होती. भाजणारच."

"मी... बघितलंच नाही."

"ठाऊक आहे."

तांब्या रिकामा झाला. त्यानं तो रांजणात बुडवून पुन्हा भरला. मागे फरशीवर आमटी पसरत चालली होती. पंगतीतल्या लोकांनी आपापली ताटं उचलून मांडीवर घेतली. पुसायला मात्र कुणी उठलं नाही.

"ये असं मी म्हणत नाही," चन्नवीर हळूच म्हणाला. "आता म्हणत नाही."

"म्हणू नकोसच. वाटलं तर येईन. पण येईन ती पुढच्या दारानं."

"ये."

"आणि हॉलच्या मधोमध बसून लिंबं चिरीन."

तो एक क्षण थांबला. सगळ्यांना दिसावं इतका थांबला.

"चीर."

"ओरडशील."

"ओरडेन..." तो म्हणाला. "पण तू चीर."

गंगव्वा हसली नाही. तिनं आपणच हात वळवला आणि भाजलेली दुसरी बाजू पाण्याखाली धरली.

आमटीचा ओघळ आता दारापर्यंत गेला होता. चन्नवीरनं मान वळवून तो बघितला. पुसायला वाकला नाही. उलट अप्पांकडे वळला आणि छाती थोडी पुढे काढून उभा राहिला. बघा, मी सोडून दिलं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

अप्पांनी खुंटीवरचं फडकं काढलं आणि त्याच्या अंगावर टाकलं.

"आता पूस. कुणीतरी घसरेल."