रिंगणात नसलेली खूण

“पण भाऊ, पडणं वेगळं आणि करेक्शन वेगळं. हे तरी तुम्हाला मान्य आहे ना?”

भाऊ पाठारे चौलच्या आपल्या वाडीत, अंगणभर वाळत घातलेल्या सुपाऱ्या उलथत बसले होते. एक मूठ फिरवायची, थोडं पुढं सरकायचं, पुन्हा एक मूठ. वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, पण हाताला घाई नव्हती आणि थकवाही नव्हता.

“फरक सांग,” ते म्हणाले.

श्रीरंग कर्णिक याच प्रश्नाची वाट पाहत होता. पनवेलला त्याचा शेअर बाजाराचा क्लास होता. साठ विद्यार्थी होते. ‘बाजाराची बाराखडी’ नावाचं स्वतः लिहिलेलं पुस्तक होतं आणि त्यात चारशे बारा शब्दांचे अर्थ दिलेले होते. शब्द विचारावा आणि श्रीरंगने अर्थ द्यावा, हा तर त्याच्या हातचा मळ.

“पडणं म्हणजे कंपनीतच काही बिघडलं म्हणून भाव कोसळणं. करेक्शन म्हणजे वाजवीपेक्षा वर चढलेला भाव आपल्या खऱ्या जागेवर येणं. तब्येतीला चांगलं असतं ते. बाजाराच्या.”

“छान. पाठ आहे.”

श्रीरंगला ते कौतुक वाटलं. शहाण्या माणसाला कौतुक आणि टोमणा यांत फरक कळायला जरा वेळच लागतो.

“आणि आता झालंय ते काय?” भाऊंनी विचारलं.

“करेक्शन.”

“कशावरून?”

भाऊंनी मान वर केली नाही. सुपाऱ्यांची आणखी एक ओळ उलथली.

झालं होतं ते असं. औषधं बनवणाऱ्या एका लहान कंपनीचं नाव श्रीरंगने गेल्या दिवाळीत क्लासमध्ये घेतलं होतं. घेतलं होतं आपलं उदाहरण म्हणून. पण ‘सर’ ज्याचं उदाहरण देतात तो कागद, म्हणजे शेअर, विद्यार्थी दुसऱ्या दिवशी घेतात, हे सरांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना आवडतही होतं. भाव चढला तेव्हा पेढे आले. मग भाव उतरू लागला. उतरता उतरता निम्म्यावर आला.

“त्यांचा ऑडिटर सोडून गेला म्हणे,” भाऊ म्हणाले.

“वैयक्तिक कारणानं.”

“असं तो म्हणतो, की तू?”

“कंपनी म्हणते.”

“हं... आणि मालकानं आपले स्वतःचे कागद विकले?”

“थोडे. लेकीच्या लग्नासाठी असतील.”

“जा मग जेवायला.”

श्रीरंग हसला नाही. दोन आठवडे त्याला झोप लागत नव्हती. कागद त्याच्याकडेही होते, पण ते दुखणं वेगळं होतं. खरी कळ होती ती मोहिते सिस्टरांची. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं रात्रपाळ्या केलेली बाई. निवृत्तीला जे मिळालं त्यातलं अर्धं तिनं त्या एका कंपनीत घातलं होतं. रोज सकाळी आठला तिचा मेसेज यायचा : ‘सर, ठेवू ना?’ रविवार असो, बाजार बंद असो, मेसेज चुकायचा नाही. श्रीरंग उत्तरादाखल अंगठा पाठवायचा.

“उद्या क्लासला काय सांगणार आहेस?”

“हेच. करेक्शन आहे, घाबरायचं कारण नाही. होल्ड करा.” मग आवाज थोडा खाली आणून तो म्हणाला, “तुमचं नाव घेऊन सांगितलं तर लोक ऐकतील, भाऊ. पाठारेंचंही हेच मत आहे म्हटलं की झालं.”

म्हणजे अलिबागच्या रस्त्याला गाडी लागली होती ती यासाठी. गुरूची आठवण आली नव्हती, गुरूच्या सहीची गरज पडली होती.

भाऊंनी हात झटकले.

“पुस्तक आणलंयस?”

पुस्तक होतंच. ते नसेल असा दिवस नसे. श्रीरंगने पिशवीतून काढून पुढं केलं.

“चष्मा आत आहे. तूच वाच. होल्ड.”

श्रीरंगने पान न शोधता म्हणून दाखवलं, “होल्ड : जवळ असलेला समभाग न विकता तसाच ठेवणे.”

“याची खूण काय?”

“खूण?”

“ऊठ,” भाऊ म्हणाले. “उभा राहा. हे रिंगण आहे समज. मी समोरचा दलाल.”

बावन्न वर्षांचा श्रीरंग सर सुपाऱ्यांच्या मधोमध उभा राहिला. त्याला थोडी लाजही वाटली. शेजारच्या वाडीतून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्यानं पाहुण्याला शिक्षा केलीय.

पण उभं राहिल्याबरोबर त्याला ते सगळं आठवलं. संगणक यायच्या आधीचं शेअर बाजाराचं रिंगण. शेकडो माणसं एका वेळी ओरडायची, कानठळ्या बसायच्या, समोरच्याचा शब्द कळायचा नाही. म्हणून हात बोलायचे. भाऊंच्या हाताखाली कारकून म्हणून लागला तेव्हा श्रीरंग पुरता वीस वर्षांचा होता, आणि भाऊंनी त्याला पहिल्या सकाळी दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. तळवा स्वतःकडे वळवला की ‘घेतो’. तळवा समोरच्याकडे केला की ‘देतो’.

“तुझ्या त्या कंपनीचा कागद,” भाऊ म्हणाले. “कर खूण.”

श्रीरंगचा हात वर गेला, आणि तिथंच थांबला.

“मला घ्यायचा नाहीये, भाऊ. द्यायचाही नाहीये. मी होल्ड करतोय.”

“तर मग त्याची कर.”

श्रीरंगने तळवा आडवा धरला. मग बोटं मिटली. मूठ झाली.

“मूठ दाखवणाऱ्याला आपण काय म्हणायचो?”

“...भांडायला उभा आहे म्हणायचो.”

“हं.”

श्रीरंगने मूठ सोडली. थोडा वेळ विचार केला आणि नाइलाजाने अंगठा वर केला.

भाऊ पहिल्यांदाच हसले. “हा सौदा आमच्या वेळी नव्हता रे.”

श्रीरंगचा चेहरा उतरला. चारशे बारा शब्द त्याने जमवले होते, त्यांतल्या या एकाची खूण त्याच्या हाताला येत नव्हती.

“पण तेव्हाही लोक कागद ठेवत होतेच की,” तो म्हणाला. “वर्षानुवर्षं ठेवत होते. तुम्ही स्वतः ठेवलेत.”

“ठेवले.”

“कसे?”

“रोज सकाळी मनाशी तळवा वळवून बघायचो. आत वळला तर कागद राहायचा.”

“आणि नाही वळला तर?”

पाटाचं पाणी पोफळींच्या मुळाशी झिरपत होतं, तिकडे भाऊ पाहत राहिले.

ओट्यावर ठेवलेला श्रीरंगचा फोन थरथरला. आठ वाजले होते. कोणाचा मेसेज आहे हे पाहायची गरज नव्हती.

“बघ,” भाऊ म्हणाले.

“मोहिते सिस्टर आहेत. ठेवू ना, विचारतात.”

“तिच्याकडे आज तो कागद नसता, आणि उद्या सकाळी तिनं तुला विचारलं असतं... सर, घेऊ ना?”

श्रीरंग उभाच होता. हात अजून अर्धवट वर होता. त्याने तळवा आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण डोळ्यांसमोर तो ऑडिटर आला, ते लेकीचं लग्न आलं, आणि मनगट काही केल्या फिरेना.

मग हळूच तळवा बाहेर वळला.

आणि बाहेर वळलेला आपलाच तळवा त्याला ओळखीचा वाटला. असाच तो एकदा वळला होता. रिंगणातल्या पहिल्याच आठवड्यात. पलीकडून एक ओळखीचा कारकून घाईनं येत होता. त्याला ‘थांब’ म्हणून श्रीरंगने तळवा दाखवला, आणि मधल्या दलालानं तो ‘देतो’ समजून भाऊंचे पाचशे कागद उचलले. भाऊंना ते कागद विकायचेच नव्हते. पोरगा नवीन आहे, चूक झाली, असं चारचौघांत म्हटलं असतं तर सौदा मोडताही आला असता.

भाऊंनी श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि समोरच्याला एवढंच सांगितलं होतं : “हात माझ्या माणसाचा आहे. सौदा पक्का.”

पुढच्या महिन्यात तो कागद दुप्पट झाला. भाऊंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरच्या तीस वर्षांत नाही, आणि आजही नाही.

श्रीरंगचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत. लपवायला तिथं भाऊंशिवाय होतं तरी कोण?

“तिला मीच घ्यायला लावलं, भाऊ,” तो म्हणाला. “ती नको म्हणत होती. तिला बँकेतच ठेवायचे होते. अंगठे मी पाठवले.”

भाऊंनी त्याच्या पायाशी घरंगळलेली एक सुपारी उचलून ओळीत परत ठेवली.

श्रीरंग ओट्यावर बसला. फोन हातात घेतला. बराच वेळ त्याची बोटं नुसती काचेवर फिरत होती. चारशे बारा शब्दांच्या मालकाला एक साधं वाक्य सापडेना. शेवटी त्याने लिहिलं : ‘सिस्टर, ठेवू नका. चूक माझी आहे. संध्याकाळी घरी येऊन सगळं सांगतो.’

पाठवलं. फोन पालथा घातला. मग पुन्हा उलटा करून पाहिलं. मेसेज वाचला गेला होता, उत्तर नव्हतं.

“उद्या सोमवारी बाजार उघडायच्या आत बाकीच्यांनाही कळवतो,” तो म्हणाला. “ऑडिटरचं सांगतो. मालकाचं सांगतो. दोन आठवडे मला माहीत होतं, हेही सांगतो.”

“बरं.”

“तुमचं नाव घेत नाही.”

“बरं.”

पुस्तक ओट्याच्या कडेला पडलं होतं. श्रीरंगने ते पिशवीत टाकलं आणि उठून चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला. कडी काढली. तिथंच थबकला. जे खरं खुपत होतं ते अजून पोटातच होतं, आणि ते घेऊन पनवेलपर्यंत जाणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

“भाऊ...”

“बोल.”

“वीस वर्षं लागली हो हे नाव करायला. बाजारातलं काहीही असो, लोक म्हणतात, कर्णिक सरांना विचारा. उद्या मी तोंडानं सांगितलं की चुकलो, की संपलं. क्लास अर्धा रिकामा होईल. अख्ख्या पनवेलात माझी किंमत खाली येईल, भाऊ.”

भाऊंनी शेवटच्या ओळीतली मूठभर सुपारी उलथली. ओली बाजू उन्हाकडे केली.

“करेक्शन आहे रे,” ते म्हणाले. “घाबरायचं कारण नाही.”