विरजणापुरतं उसनं

एकदा एक तरुण कारभारी भरल्या ताटावरून उठला आणि तडक आपल्या वृद्ध गुरूंकडे निघाला.

त्याचं संस्थान लहान, तिजोरी त्याहून लहान. गावच्या तलावाचा बांध खचलेला. पाणी अडेना, म्हणून चैत्रातच विहिरी आटत आणि माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन परमुलखाची वाट धरत. नव्या बांधाला पैसा द्यायला पेठेतला सावकार राजी होता, पण कागदावर शिक्का उद्या दुपारच्या आत हवा होता. आणि कारभाऱ्याचा हात शिक्क्याकडे जाईना. पूर्वी त्याच्या वडिलांनी दरबारच्या मेजवान्यांसाठी असंच कर्ज काढलं होतं, त्यात दोन गावं गेली. लोक अजून बोलत, "बापानं दोन घालवली. आता लेक किती घालवतो, बघू."

गुरूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि त्याच्या हाती एक वाटी दिली.

"शेजारी द्वारकाकाकू आहेत. चमचाभर दही उसनं आण."

त्यानं आणलं. गुरूंनी ते भातावर घेतलं, कालवलं आणि खाल्लं. मग वाटी पुन्हा पुढे केली. "आणखी थोडं आण."

तेही त्यांनी खाल्लं. तिसऱ्यांदा तो दारात उभा राहिला तेव्हा काकूंनी कंबरेवर हात ठेवले.

"कारभारीबुवा, तिजोरी इतकी खपाटीला गेली होय? आधीचं कधी देणार?"

"देतो ना, काकू."

"देणार, पण कशातून? घरात दही आहे का तुमच्या?"

वडिलांच्या वेळी सावकाराला सुचलं नव्हतं तेच ही बाई विचारत होती. काकूंनी हसून वाटीत दही घातलं खरं, पण तो परतला तो मान खाली घालून.

या खेपेला गुरूंनी चुलीवरचं दूध उतरवून कोमट केलं होतं. त्यांनी दही त्यात ढवळलं, वर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "आज इथंच राहा."

सकाळी भांडंभर दही लागलं होतं. गुरूंनी वाटी काठोकाठ भरली. "तिन्ही वेळचं देऊन ये, वर थोडं जास्तच."

तो देऊन आला, तरी भांडं भरलेलंच होतं.

गुरू म्हणाले, "दही एकच, काकूही एकच. दोनदा आपण ते खाल्लं, तेव्हा फेडायला पुन्हा त्यांच्याच दारी जावं लागलं असतं. तिसऱ्यांदा दुधाला लावलं, तर त्यानंच आपलं ऋण फेडलं. रोजचा घास रोजच्या मिळकतीतून घ्यावा. उसनं आणावं ते विरजणापुरतं."

"पण बाबा, दही लागलंच नसतं तर?"

"दूध नासकं असतं तर नसतंच लागलं. म्हणून आधी तापवून पाहिलं, फाटत तर नाही ना. तुला भय वाटतं ते बरं आहे. त्या भयानं दूध पारखून घे. नुसती वाटी लपवून काय होणार?"

कारभारी परतला. सावकार कागद पसरून बसला होता. बांधाच्या रकमेखाली त्यानं राजपुत्राच्या मुंजीचा खर्चही मांडला होता. "एवीतेवी शिक्का उमटतोच आहे," तो मधाळपणे म्हणाला.

"मुंज महसुलात बसेल तेवढीच करू," कारभाऱ्यानं ती ओळ खोडली. "आणि शिक्का जरा थांबेल. बांधाखाली खडक आहे की वाळू, ते आधी खणून पाहतो."

"मुदत दुपारची आहे, साहेब."

"मग उठा, तुम्हीही चला."

उन्हात मजूर खणत राहिले आणि कारभारी खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. वाळू निघत होती, नुसती वाळू. सूर्य माथ्यावर येऊ लागला. शेवटी पहार खणकन वाजली. त्यानं खाली उतरून खडकावर तळवा टेकला, मग तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून शिक्का उमटवला. भय तेव्हाही होतंच. पण ते कशाच्या कामी येतं, ते आता त्याला कळत होतं.

राज्यानं कर्ज काढलं असं कानी आलं, तर लगेच हाय खाऊ नये. ते कुठं घातलं, एवढं मात्र प्रत्येकानं विचारावं.