शेळीचं इंग्रजी

फार पूर्वी एका शेळीने अख्खा इंग्रजी शब्दकोश खाल्ला आणि ती स्वतःला पंडित समजू लागली. एकदा सर्कशीतून सुटलेल्या सिंहाने तिला अदबीने विचारलं, “शॅल वी हॅव लंच?”

‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. आपल्याजवळ जेवण आहे का, असं विचारतोय बिचारा, असं शेळीला वाटलं. “यस,” ती ऐटीत म्हणाली.

सर्कशीच्या तंबूवर वाढलेली मैना झाडावरून म्हणाली, “बाई, पळ. ‘हॅव’च्या सोबतीला ‘लंच’ आलं की अर्थ होतो जेवायचं.”

“छे, जेवायला ‘ईट’ लागतं. ते पान मी स्वतः चघळलंय.”

“आता तो तुला चघळेल.”

सिंहाने जिभल्या चाटल्या, तेव्हा शेळीला अर्थ कळला आणि ती धूम पळाली. त्यानंतर कुठलाही शब्द गिळण्याआधी ती मैनेला विचारू लागली, “याची ऊठबस कोणाबरोबर असते?”