कोपराचं वय

“ताईत हिला बांधा, बाबा. बापाला एवढं भितं का कुणी?”

भैरू पैलवान दर्ग्याच्या पायरीवर बसला होता. त्याची दहा वर्षांची सुगंधा लांब चिंचेखाली उभी होती. हाका मारूनही जवळ येत नव्हती.

“मारलंस तिला?” मदारबाबा फकिरांनी विचारलं.

“दोनदा. चुकली म्हणून. पण म्हणून महिनाभर बोलू नये?... मी बघा, जन्मात कुणाला भ्यालो नाही.”

“बरं. मग आधी तुझ्यावरून फिरवतो.”

बाबांनी मोरपिसांचा कुंचा उचलला.

भैरूचा उजवा कोपर झटकन तोंडावर आला.

“मोरपिसं आहेत, पैलवान.”

“उगं आला हात,” भैरू ओशाळून हसला.

कुंचा पुन्हा वर गेला. कोपर पुन्हा आला.

तिसऱ्या खेपेला भैरूने हात मांडीखाली दाबून धरला.

तर मानच झटकन खाली गेली.

“वय काय तुझं?”

“बेचाळीस.”

“आणि या कोपराचं?”

भैरूने मांडीखालचा हात बाहेर काढून कोपराकडे पाहिलं.

“सात,” तो म्हणाला. “आमचे वडील, अण्णा, बैलाचा चाबूक काढायचे... मला.”

आणि ताडकन उठला.

“बाबा! सुगीसुद्धा असाच कोपर धरते! अगदी असाच! मला वाटायचं, नाटकं करते पोरगी!” डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. “सुगे, ए सुगे! कळलं गं तुझ्या दादाला!”

तो धावतच सुटला.

चिंचेखाली सुगंधाचा कोपर वर गेला.

भैरू जागीच थांबला.

“आता तर कळलं ना मला, बाबा?... मग?”

बाबांनी मागून येऊन कुंचा त्याच्या हातात दिला.

भैरूने कुंचा पाहिला. पोरीकडे पाहिलं. मग तिच्यापासून चार हातांवर मातीत बसला, कुंचा तिच्याकडे सरकवला आणि स्वतःचं डोकं पुढे केलं.

बऱ्याच वेळाने सुगंधाने तो उचलला.

भैरूचा कोपर निघाला... अर्ध्यावर थांबला.

“फकीरबाबा!” सुगंधा फिसकन हसली. “आमचे दादासुद्धा भितात!”

महिन्यातलं तिचं पहिलं बोलणं.

“फिरव, सुगे! अजून फिरव!... बाबा, किती वेळा फिरवायचं?”

“मोजू नकोस. कुंचा झिजला तर झिजू दे, मोर दरवर्षी पिसं टाकतो.”