सोनजाईचं आडवं दार

अहो, थांबा! चपला इथेच काढा. देऊळ वर आहे हे मलाही ठाऊक आहे, पण ज्या फळीवरून तुम्ही हा पऱ्ह्या, हा ओढा, ओलांडून आमच्या वाडीत येणार, ती सोनजाईचं दार आहे. बघा, मधोमध देवी कोरलीय. लाकूड कुजलं की नवं दार घडवतात आणि देवळाला न लावता इथेच आडवं टाकतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा देवळाचा गुरव भिकाजी म्हणून होता. सोवळ्याचा भारी कडक. पलीकडच्या आमच्या वाडीची सावलीसुद्धा देवीला नको, म्हणून त्यानं इथला साकव, ये-जा करायचा लाकडी पूल, मोडून टाकला असं सांगतात. त्याची म्हातारी आई आवडाई तेवढी रोज अलीकडून हाक मारून वाडीची खुशाली विचारायची.

एका श्रावणात पाऊस कोसळला आणि वाडीमागचा डोंगर खचायला लागला. माणसं धावत पऱ्ह्यावर आली. मागं दरड, पुढं लोंढा! पुढंच होती बायजा, दिवस भरलेली. आवडाईनं ते पाहिलं, शेजारच्या सुनांना हाका मारल्या आणि देवळाचं दार बिजागरीतून उचकटून इथं आणून टाकलं.

तरी कुणी पाऊल टाकीना. देवीवर पाय कसा द्यायचा? बायजा तर हात जोडून रडायला लागली, म्हणे.

आवडाई पाण्यात उतरली, दाराची कड धरली आणि ओरडली, "अगो, आईच्या अंगावर लेकरं नाचतातच की! ये बघू!"

बायजा निघाली. तेवढ्यात "बाटवलंत दार!" म्हणत भिकाजी धावत आला, तो दार ओढून काढायलाच. पण इकडं म्हातारीचा पाय घसरला, दार हललं आणि मधोमध उभी बायजा किंचाळली, "आई सोनजाई!"

रोज पूजा करताना तो तेच नाव घ्यायचा. त्यानं पाण्यात उतरून आईशेजारी दार धरलं. अख्खी वाडी त्याच्या बोटांवरून अलीकडे आली. संध्याकाळी बायजा देवळातच बाळंत झाली आणि पोराला गुंडाळायला भिकाजीनं देवीचं लुगडं आणून दिलं. दार परत बसवू का, असं सुतारानं विचारलं, तर म्हणाला, "राहू दे तिथंच."

शहरातली पोरं मला म्हणतात, आजोबा, देवाच्या नावानंच माणसं माणसांना तोडतात. खरंय बाबांनो! साकव देवीच्याच नावानं मोडला होता. पण दारही तिच्याच नावानं टाकलं, आणि ते पोर माझा खापरपणजोबा. मी कुठल्या तोंडानं देवीला नावं ठेवू?

आजही देवळाला दार नाही. आजही जत्रेला गुरव पाण्यात उतरून ही कड धरतो आणि पहिली ओलांडते ती आमच्या वाडीची गरवार बाई. यंदा माझी नात आहे. सातवा लागलाय तिला.

चला, या आता. जपून, फळी ओली आहे. हात द्या इकडं.